लोणारच्या गाळातला दंडाणू आणि सात नवी घराणी

घरात लहान मुलाला जुलाब लागले की डॉक्टर इतर औषधांबरोबर प्लास्टिकच्या छोट्या छोट्या कुप्या लिहून देतात. मान मोडायची आणि आतला किंचित गढूळ द्रव मुलाच्या तोंडात सोडायचा, हे आपल्यापैकी बहुतेक आयांना आणि आज्यांना ठाऊक आहे. त्या द्रवात एका निरुपद्रवी जिवाणूचे कोट्यवधी बीजाणू असतात. 1995 सालापासून हा जिवाणू बॅसिलस क्लॉसाय या नावाने ओळखला जात होता. आता शास्त्राच्या दफ्तरी त्याचे नाव शौचेला क्लॉसाय असे झाले आहे. शौचे हे आडनाव आपल्या परिचयाचे आहे. पुण्याचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. योगेश शौचे यांच्या सन्मानार्थ हे नाव देण्यात आले, आणि या नामांतराला निमित्त झाला तो बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या तळाचा मूठभर गाळ.

गाळातून निघालेल्या एका अनोळखी जिवाणूमुळे औषधाच्या कुपीतल्या जिवाणूचे नाव का बदलावे? जिवाणूची नवी जाती कशी ओळखतात आणि तिचे वर्गीकरण कसे करतात, हे समजून घेतल्यावाचून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

प्रारंभीच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. 'नवा जिवाणू सापडला' अशी बातमी वाचली की पुष्कळांच्या मनात आता कोणता रोग येणार, ही शंका येते. महासाथीनंतर तर ती अधिकच येते. पण जिवाणू म्हणजे विषाणू नव्हे. आणि बहुसंख्य जिवाणूंचा माणसाच्या आजारांशी काही संबंधही नसतो. शिवाय येथे 'नवा' या शब्दाचा अर्थ नुकताच जन्मलेला असा नाही. तो जीव तेथे फार पूर्वीपासून नांदत आहे. नवी आहे ती आपली ओळख.

लोणारचे सरोवर उल्कापाताने झालेल्या विवरात आहे, हे शाळेच्या पुस्तकात आपण वाचलेले असते. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. पूर्वी त्याचे वय पन्नास हजार वर्षांच्या आसपास मानले जाई. पुढे आर्गॉन पद्धतीने केलेल्या मोजणीत ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे आले. काळ्या बेसाल्ट खडकावरील अशी विवरे पृथ्वीवर फारच थोडी आहेत. या वाडग्यासारख्या खोलगट जागेत चहूबाजूंचे पाणी उतरते, झऱ्यांचे पाणी येते, मात्र बाहेर पडायला वाट नाही. पाण्याला एकच मार्ग, तो म्हणजे उन्हाने वाफ होऊन जाणे. पाणी जाते आणि क्षार मागे राहतात. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तळाशी बसतात. सोडियमचे कार्बोनेट पाण्यातच साचत राहते. साध्या शब्दांत सांगायचे तर तेथे धुण्याच्या सोड्याचे पाणी तयार होते. शुद्ध पाण्याचा सामू 7 असतो; लोणारचा 10 च्या आसपास नोंदला गेला आहे. सामूच्या मापात एक पायरी म्हणजे दहापट फरक, तेव्हा तीन पायऱ्या म्हणजे हजारपट. बोटांना बुळबुळीत लागणारे हे पाणी आपण पिऊ शकत नाही.

तरीही ते जीवनशून्य नाही. जून 2020 मध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा त्याची छायाचित्रे सर्वत्र झळकली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले की हा रंग क्षारप्रिय आर्किया या सूक्ष्मजीवांचा आहे. आर्किया हे दिसायला जिवाणूंसारखे, परंतु वंशाने निराळे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराचा रामसर यादीत समावेश झाल्याचे जाहीर झाले. गुलाबी रंगाने सर्वांचे लक्ष वेधून घेतले. पण तळाच्या काळ्या, गंधकाच्या कुबट वासाच्या गाळात शास्त्रज्ञांना अधिक रस होता आणि आहे.

गाळाचा एक ग्रॅम घेतला तरी त्यात अगणित जिवाणू असतात, आणि त्यातले बहुतेक प्रयोगशाळेत वाढायला तयार नसतात. जे वाढू शकतील त्यांनाही त्यांच्या घरासारखे अन्न आणि घरासारखे पाणी द्यावे लागते. सामू 10 चे खाद्यमाध्यम बनवणे हे नेहमीचे माध्यम बनवण्याइतके सोपे नाही. सोडा आणि अन्नघटक एकत्र उकळले तर माध्यम करपते व गढूळ होते. म्हणून सोड्याचे द्रावण वेगळे निर्जंतुक करून नंतर मिसळतात. मग काचेच्या किंवा प्लास्टिकच्या तबकडीवर गाळाचे पातळ केलेले पाणी पसरायचे आणि थांबायचे. काही दिवसांनी तबकडीवर ठिपके दिसू लागतात. एक ठिपका म्हणजे बहुधा एकाच पूर्वजाची सारी प्रजा; तिला वसाहत म्हणतात. हवी ती वसाहत तारेच्या टोकाने उचलून नव्या तबकडीवर रेघा ओढायच्या, त्यातली सुटी वसाहत पुन्हा उचलायची, पुन्हा रेघा. ही पुनरावृत्ती कंटाळवाणी खरी. पण येथे घाई झाली आणि दोन जिवाणूंची सरमिसळ राहिली, तर पुढचे सगळे काम वाया जाते.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील सूक्ष्मजीव संग्रहाच्या संशोधकांनी लोणारच्या गाळातून अशा रीतीने एक जिवाणू शुद्ध स्वरूपात वेगळा केला. त्याला त्यांनी एमईबी 199 असा क्रमांक दिला. अजून नाव नाही, केवळ क्रमांक.

पहिली ओळख डोळ्यांनी. सूक्ष्मदर्शकाखाली तो लांब दांड्यासारखा दिसला, म्हणजे दंडाणू. तो हालचाल करणारा होता. ग्रॅम यांच्या रंगचाचणीत त्याने जांभळा रंग धरून ठेवला. प्रतिकूल काळात टिकून राहण्यासाठी तो बीजाणू तयार करतो, हेही दिसले. मग त्याच्या आवडीनिवडी तपासल्या. त्याची वाढ सर्वांत चांगली होते ती सामू 10 ला, 37 अंश सेल्सियसला आणि 3.5 टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे जवळपास समुद्राइतक्या खारटपणात. अशा सोड्याच्या पाण्यात पेशी विरघळत का नाही, असा प्रश्न साहजिकच पडेल. या मंडळींच्या पेशीपटलात सूक्ष्म पंप असतात. ते सोडियम बाहेर टाकतात आणि त्याच्या बदल्यात हायड्रोजनचे आयन आत घेतात. त्यामुळे बाहेर सामू 10 असला तरी आतला बराच खाली राहतो. त्यानंतर पेशीभित्तीतील घटक आणि पटलातील मेदाम्ले यांची तपासणी झाली. हे तपशील सामान्य वाचकाला रुक्ष वाटतील, परंतु जिवाणूशास्त्रात ते एखाद्या माणसाच्या शरीरावरील खुणांसारखे उपयोगी पडतात.

तथापि खुणांवरून घराणे ठरत नाही. दिसायला सारखे दांडे हजारो. 1872 साली फर्डिनंड कोन यांनी बॅसिलस ही प्रजाती स्थापिली, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे दांड्यासारखा व बीजाणू करणारा जो जो जिवाणू हाती आला, तो बव्हंशी तिच्यात टाकला गेला. एखाद्या गावात आडनाव विचारण्याऐवजी सगळ्या उंच माणसांना एकाच कुटुंबात बसवावे, तसा तो प्रकार होता. त्या शास्त्रज्ञांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यापाशी दुसरे साधन नव्हते.

ते साधन पुढे आले. प्रत्येक जिवाणूच्या पेशीत प्रथिने बनवणारी राइबोसोम नावाची यंत्रणा असते. तिच्या एका भागाचा जनुक, ज्याला 16एस म्हणतात, सुमारे दीड हजार अक्षरांचा असतो आणि पिढ्यान्‌पिढ्या अतिशय सावकाश बदलतो. कार्ल वोस यांनी 1977 साली या रेणूच्या तुलनेवरूनच आर्किया हे जिवाणूंपासून वेगळे आहेत, असे दाखवून दिले. दोन जिवाणूंच्या या जनुकाची अक्षरे शेजारी शेजारी ठेवली की नाते किती जवळचे ते कळते. साम्य साधारण 98.7 टक्क्यांच्या खाली आले, तर दोघे भिन्न जातीचे असण्याचा संभव फार.

एमईबी 199 चे सर्वाधिक साम्य जुळले ते सोडायुक्त खाऱ्या मातीतून पूर्वी मिळालेल्या अल्कलिनायट्रिलिकस नावाच्या जातीशी: 98.36 टक्के. म्हणजे दीड हजार अक्षरांत पंचवीसच्या आसपास फरक. नाते जवळचे, पण जात एक नसावी अशी शंका घेण्याइतका फरक नक्कीच. एका जनुकावर अंतिम निवाडा देत नाहीत. म्हणून दोघांच्या संपूर्ण जनुकसंचांची तुलना झाली. येथे दोन कसोट्या मानल्या जातात. पहिलीत सरासरी अक्षरसाम्य 95 ते 96 टक्क्यांच्या वर असावे लागते. या जोडीत ते 81 टक्के भरले. दुसरी डीएनएच्या परस्पर जुळणीची असून तिची मर्यादा 70 टक्के आहे. येथे आकडा आला 23.6. शंका मिटली. ही जात निराळी.

या मर्यादा निसर्गाने आखून दिलेल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. त्या शास्त्रज्ञांनी अनुभवाने आणि एकमताने ठरवल्या आहेत. जिवाणूंची ही मोजपट्टी माणसाला लावली तर माणूस आणि चिंपांझी एकाच जातीत बसतील! प्राण्यांमध्ये संकरातून सुपीक संतती होते की नाही, हा निकष सांगता येतो. जिवाणू दुभंगून वाढतात. त्यांना तो कसा लावणार? तेव्हा कुठेतरी रेघ ओढावी लागते, आणि ती सर्वांनी एकाच ठिकाणी ओढावी एवढेच आपल्या हाती असते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या नव्या जातीला कोणत्या घरात ठेवायचे?

2020 साली बॅसिलसची जुनी गर्दी कमी करताना संशोधकांनी अल्कधर्मी पाण्यात राहणाऱ्या जातींसाठी अल्कलिहॅलोबॅसिलस ही स्वतंत्र प्रजाती केली होती. एमईबी 199 चा जवळचा नातलग तिच्यातच होता, म्हणून नवागतालाही तेथेच जागा देणे सोयीचे होते. पण नामकरणाचा नियम असा की प्रत्येक प्रजातीला एक आदर्श जाती असते. घराण्याचे नाव तिच्या मालकीचे. तिच्याशी ज्यांचे नाते पुरेसे जवळचे, त्यांनीच ते नाव लावायचे. या घराची आदर्श जाती म्हणजे 1934 साली वर्णन झालेली अल्कलोफिलस. तिच्याशी एमईबी 199 चे साम्य निघाले अवघे 94.91 टक्के. पुण्याच्या संशोधकांनी मग त्या घरातील साऱ्या सभासदांची परस्परांशी तुलना केली. काही जोड्यांत 99.81 टक्के साम्य, तर काहींत फक्त 87.4. एका छताखाली आठ वेगवेगळी कुळे राहत होती. एक कूळ अल्कलोफिलसबरोबर मूळ घरात राहिले. उरलेल्या सात कुळांसाठी सात नव्या प्रजाती सुचवण्यात आल्या. त्यांपैकी एक शौचेला. कुपीतला क्लॉसाय तिच्यात गेला.

हा शोधनिबंध 2021 साली प्रसिद्ध झाला. पाहुण्याला खोली द्यायला जावे आणि संपूर्ण वाड्याची वाटणी करून परत यावे, असे काहीसे घडले. शौचेलामध्ये गेलेली आणखी एक जाती आपल्या जवळची आहे. लोणारमधूनच मिळालेल्या त्या जिवाणूचे 2015 साली बॅसिलस लोणारेन्सिस असे नामकरण झाले. 2020 साली तो अल्कलिहॅलोबॅसिलस लोणारेन्सिस झाला, आणि आता शौचेला लोणारेन्सिस आहे. सात वर्षांच्या आत तीन आडनावे. गावाचे नाव मात्र कोणी पुसू शकले नाही, कारण जातीचे विशेषण प्रजाती बदलली तरी सोबत जाते.

एमईबी 199 ला नाव मिळाले अल्कलिहॅलोबॅक्टेरियम इलाँगॅटम. सेमिनरीत शिकलेल्या उच्चाराने मी ते 'एलोंगातुम' असे वाचतो, अर्थ, लांबट. सेमिनरीतले लॅटिन व्याकरण इतक्या वर्षांनी जिवाणूंच्या यादीत कामी येईल, असे वाटले नव्हते. अल्कली हा शब्द मुळात अरबी, क्षारयुक्त वनस्पतींच्या राखेचा. 'हॅलो' ग्रीक, मिठाचा. 'बॅक्टेरियम' ग्रीक काठीवरून आलेला. तीन भाषांचा हा संसार लॅटिनच्या नियमांनी चालतो, आणि तेथे विशेषणाला नामाचे लिंग पाळावेच लागते. बॅसिलस पुल्लिंगी, बॅक्टेरियम नपुंसकलिंगी. म्हणून नव्या घरात आल्याबरोबर अल्कलिनायट्रिलिकसचे अल्कलिनायट्रिलिकम झाले. केनियातील बोगोरिया या सोड्याच्या सरोवरातून मिळालेला बोगोरिएन्सिसही याच घरात आला आणि बोगोरिएन्से झाला. क्लॉसाय तसाच राहिला, कारण ती षष्ठी विभक्ती आहे, क्लाउस नावाच्या शास्त्रज्ञाचा एवढाच तिचा अर्थ. तिला नव्या घराच्या लिंगाशी कर्तव्य नाही. लोणार आणि बोगोरिया यांच्यामध्ये अख्खा अरबी समुद्र आहे. तरी तेथील गाळातील दोन जिवाणू आज एका प्रजातीत नांदत आहेत.

नाव सुचवले म्हणजे ते रूढ झाले असे नाही. जिवाणूंच्या नावांचा एकेकाळी इतका गोंधळ झाला होता की तीस हजारांच्या वर नावे प्रचारात होती. अखेर 1 जानेवारी 1980 हा दिवस आरंभ मानून एक मान्य यादी प्रसिद्ध झाली आणि तिच्यात सुमारे अडीच हजार नावेच ठेवली गेली. तेव्हापासून नवे नाव एका ठराविक आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध व्हावे लागते, किंवा अन्यत्र प्रसिद्ध झाले असल्यास तेथील मान्यता यादीत यावे लागते. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत नोंद झाल्याखेरीज जसा आपल्या कचेरीतून दाखला निघत नाही, तसेच हे. पुण्याच्या संशोधकांनी सुचवलेल्या नावांना 2022 मध्ये अशी मान्यता मिळाली.

यातील एक अट मला सर्वांत मोलाची वाटते. नव्या जातीचा जो नमुना आदर्श म्हणून सांगितला जातो, तो जिवंत स्वरूपात निदान दोन देशांतील दोन सार्वजनिक संग्रहांत ठेवावा लागतो. केवळ वर्णन चालत नाही, चित्र चालत नाही. जगातील कोणत्याही अभ्यासकाला तो मागवून पडताळून पाहता आला पाहिजे. भारतात 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार असे जैविक साहित्य परदेशी देण्यावर नियंत्रण आहे, त्यामुळे आपल्या संशोधकांना प्रयोगशाळेबाहेरचे बरेच कागदोपत्री कामही करावे लागते. पुण्याचा सूक्ष्मजीव संग्रह 2009 साली उभा राहिला. अशा संग्रहांत जिवाणू गोठवून वाळवले जातात आणि काचेच्या बंद नळीत वर्षानुवर्षे झोपून राहतात. नळी फोडून योग्य माध्यमात टाकले की ते जागे होतात.

एलोंगातुमच्या बाबतीत ही काळजी अधिकच सार्थ आहे, कारण तो प्रतिजैविक द्रव्य तयार करतो असे त्याच निबंधात नमूद आहे. त्यातून औषध निघेलच असे म्हणणे घाईचे ठरेल; अशा शेकडो द्रव्यांपैकी एखादेच रुग्णापर्यंत पोहोचते. परंतु जुन्या प्रतिजैविकांना रोगजंतू दाद देईनासे झालेल्या काळात, सोड्याच्या पाण्यात शेजाऱ्यांशी झगडून जगणारा हा दंडाणू कोणते रसायन वापरतो, हे पाहण्याजोगे खचितच आहे.

आणि त्याचे घर बदलत आहे. लोणारचे वैशिष्ट्य पाण्याच्या तोलावर उभे आहे: आत येते तेवढेच उन्हाने जाते, म्हणून क्षार टिकतात. गोडे पाणी जास्त आले की खारटपणा आणि सामू दोन्ही उतरू लागतात. अलीकडच्या वर्षांत सरोवराची पातळी वाढून काठावरील कमळजा देवीच्या मंदिरात पाणी शिरल्याची वृत्ते आली. सामू 10 ला सर्वांत चांगला वाढणारा जिवाणू सौम्य होत जाणाऱ्या पाण्यात कसा टिकतो, हे पाहायचे असेल, तर लोणारला जाऊन पुन्हा गाळ काढावा लागेल, पुन्हा सोडा वेगळा निर्जंतुक करून माध्यमात मिसळावा लागेल, आणि तबकडीवर लांबट दांड्यांची ती वसाहत उगवते की नाही, याची वाट पाहावी लागेल. ती उगवली तर ताडून पाहण्यासाठी एमईबी 199 संग्रहातल्या नळीत आहेच.